नावाला लागलेलं 'बन'

जेमायमा नीपिनच्या घरात तीन माणसं राहायची. त्यांतलं एक तीस वर्षांपूर्वी मेलं होतं.

याला कारण होतं एक शेपूट. ओजिब्वे या तिथल्या आदिवासींच्या भाषेत माणूस गेलं की त्याच्या नावाला शेवटी 'बन' लागतं. सिमियोन गेला की सिमियोनिबन होतो, बेला गेली की बेलाबन. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आजोबांना पुरून आलेलं चार वर्षांचं पोर दुसऱ्या दिवशी आजोबांची टोपी मागतं, ते नावाला बन लावूनच. परगावी गेलेल्याला, रुसून गेलेल्याला, तुरुंगात पडलेल्याला बन लागत नाही. जित्या माणसाला ते लावणं म्हणजे त्याच्या तोंडात माती घालणं. ढोसून आलेला माणूसही ही चूक करत नाही.

आणि एस्तर, जेमायमाची आई, आपल्या थोरल्या लेकीच्या नावाला ते लावायला तयार नव्हती.

व्हर्ना बाविसाव्या वर्षी, एप्रिलमध्ये, चष्म्याचा नंबर काढायला खाली शहरात गेली. लून नॅरोज या त्यांच्या गावाहून शहराला रस्ता असतो तो फक्त हिवाळ्यात, तळी गोठल्यावर, एरवी विमान. एका गुरुवारी ती उतरली होती त्या बोर्डिंगमधून 'दुकानात जाऊन येते' म्हणून बाहेर पडली. मे महिन्यात नदीवरचा बर्फ फुटला तेव्हा पुलाखाली सापडली. पोलिसांनी दोन पानांत काम उरकलं. प्यायली असेल, पाय घसरला, बुडाली.

"प्यायची कधीकधी," एस्तर म्हणाली. "मीही प्यायचे. मी का नाही पडले नदीत?"

तिने आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या पोरीचं काय झालं ते मला कुणी सांगेपर्यंत मी तिच्या नावाला काही जोडणार नाही."

तीस वर्षं ती तसंच बोलत आली. व्हर्नाला पाइक मासा आवडत नाही, त्यात काटे फार. व्हर्नाचे पाय गार पडतात. व्हर्नाला लाल रंग शोभतो. नवरा वारला तेव्हा त्याच्या नावाला तिने त्याच दिवशी बन लावलं आणि त्याच वाक्यात म्हणाली, व्हर्नाला कळवायला हवं.

बोलण्यात माणूस जिवंत ठेवलं की घरही त्याला जागा करून देतं. भर दुपारी कधीतरी पडवीत बूट आपटून बर्फ झाडल्याचा आवाज यायचा. ठप, ठप. दोनदाच. जेमायमा दार उघडून बघायची. पडवीत कुणी नसायचं, पायपुसण्यावर ताजा बर्फ असायचा. छपरावरून पडला असेल, असं ती स्वतःला सांगायची; पडवीला छप्पर होतं हे तिला माहीत होतं. आत एस्तर शिवणातून मान वर न करता म्हणायची, "दार लावून घे म्हणावं तिला. ऊब जातेय सगळी."

जेमायमा अठ्ठावीस वर्षं गावच्या दवाखान्यात दुभाषी होती. म्हाताऱ्यांचं दुखणं नर्सबाईला सांगायचं, नर्सबाईचं औषध म्हाताऱ्यांना. पदरचं घालायचं नाही, ऐकलेलं गाळायचं नाही. योना म्हाताऱ्याला नर्सने एकदा पोट साफ होतं का विचारलं, तर तो म्हणाला, "हिला कशाला चौकशी? लग्न करणारे का माझ्याशी?" जेमायमाने तेही जसंच्या तसं सांगितलं. नर्स हसली नाही. योना खूश झाला. असा हा तिचा धंदा. लग्न तिने एकदा केलं, टिकलं नाही, आणि त्यावर ती कधी फारसं बोलली नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये गावच्या रेडिओची खोली बुरशी लागली म्हणून पाडायची ठरली. लाझरस कॅसेटची अकरा खोकी घेऊन तिच्या दारात आला. लाझरस तिचा आतेभाऊ. आतेभावाशी सरळ बोलायचं नाही, चेष्टाच करायची, अशी या लोकांची रीत. सरळ बोललं तर काहीतरी बिनसलंय असं समजतात.

"धापा काय टाकतोस? खोकी जड की पोट?" जेमायमा म्हणाली.

"नवरा म्हणून नको होतो ना तुला? आता हमाल म्हणून आलोय. चहा तरी दे."

"हमालाला चहा पडवीत."

गावच्या चीफच्या ऑफिसला या कॅसेट शाळेसाठी उतरवून हव्या होत्या. लाझरस तरुण असताना रविवारी संध्याकाळी फर्माइशींचा कार्यक्रम करायचा. लोक फोन करून गाणं मागायचे आणि कुणाकुणासाठी ते नावं घेऊन सांगायचे, जित्यांसाठीही आणि गेलेल्यांसाठीही. खाली शहरातल्या इस्पितळात पडलेल्या गावकऱ्यांना ऐकायला पाठवता यावं म्हणून तो दर रविवारचं टेप करून ठेवायचा, आणि प्रत्येक कॅसेटवर तारीख आणि हवामान लिहायचा. उणे एकतीस. वारा. दुसरं काही लिहायला त्याला सुचत नसे.

मग रोज दवाखान्यातून आल्यावर जेमायमा स्वयंपाकघरातल्या टेबलावर टेप लावून लिहायला बसू लागली. समोर एस्तर मूस हरणाच्या कातड्याचे जोडे शिवत असायची. टेपमधून बेलाबन खोकायची, सिमियोनिबन नातवाला शिव्या द्यायचा, कुणाचं तरी कुत्रं भुंकायचं, तेही आता बन झालेलं. एस्तर सगळ्यांना उत्तरं द्यायची. "काय गं बेलाबन, अजून खोकतेच आहेस?" टेपमध्ये नेमकी तेवढ्यात शांतता पडायची, जणू पलीकडची विचार करतेय काय म्हणावं. जेमायमाला ते आवडत नसे. ती आवाज वाढवायची.

एका बुधवारी टेपमध्ये व्हर्ना हसली.

नुसतं हसणं आधी, मग आवाज: "लाझरस, गेल्या वेळी लावलंस ते लावू नकोस, आईला झोप लागते त्याने." जेमायमाचं पेन थांबलं. एस्तरची सुई थांबली नाही. "बघ," ती म्हणाली, "थंडी झालीये तिला. नाकात बोलतेय."

त्यानंतर चौथी कॅसेट. २३ एप्रिल १९८९. पाऊस, नंतर बर्फ.

त्या रविवारी अर्धं गाव हंसांच्या शिकारीला तळावर गेलेलं होतं. नीपिन कुटुंबही. तिथवर रेडिओ पोचत नसे. फोन मोजकेच होते. तिसरा फोन मासेवाल्या ग्रँटचा, शहरातून. हा गोरा माणूस अकरा वर्षं गावात मासे विकत घेत होता. दर पंधरवड्याला मासळीच्या विमानाने खाली जायचा, येताना संत्री आणायचा. आणि भाषा अशी बोलायचा की म्हाताऱ्या त्याची परीक्षा घ्यायच्या. फांदीवरून घसरलेल्या बर्फाला काय म्हणतात रे? ओल्या लाकडाच्या धुराला? तो सगळं सांगायचा. "आमच्या पोरांची शिकवणी घे," असं त्या म्हणायच्या. टेपमधला त्याचा आवाज स्वच्छ होता. फिडलवरची एक चाल त्याने मागितली.

"एस्तरच्या घरासाठी," तो म्हणाला. "एस्तर, जेमायमा, व्हर्नाबन, आणि त्यांचे वडील."

टेपमधला तरुण लाझरस हसल्यासारखा झाला. मग "बरं" म्हणाला आणि फिडल सुरू झाली.

जेमायमाने टेप मागे नेली. पुन्हा ऐकली. व्हर्ना गुरुवारी बोर्डिंगमधून निघाली होती. बोर्डिंगच्या बाईने गावाला कळवलं ते सोमवारी. रविवारी लून नॅरोजमध्ये कुणालाही माहीत नव्हतं की व्हर्ना हरवलीये. मेलीये हे तर नदीलाच माहीत होतं.

"पुन्हा लाव," एस्तर म्हणाली. तिने सुई खाली ठेवली होती.

तिसऱ्यांदा ऐकल्यावर ती उठली, खिडकीशी गेली आणि गोठलेल्या तळ्याकडे पाठ करून उभी राहिली. "केवढं शुद्ध बोलायचा मेला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लाझरस आला. जेमायमाने त्याला आत बसवलं आणि म्हणाली, "लाझरस, तुला मी एक विचारणार आहे, मला खरं सांग."

लाझरसचा चेहरा उतरला. पन्नास वर्षांत ती त्याच्याशी असं बोलली नव्हती. "कोण मेलं?" त्याने विचारलं.

तिने टेप लावली. ऐकून झाल्यावर तो बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला.

"मला वाटलं चुकला," तो म्हणाला. "गोरा माणूस. मला मजा वाटली, चला, एकदा तरी चुकला. दुसऱ्या दिवशी सकाळी विमानातून उतरला तेव्हा चिडवलंही मी त्याला. म्हटलं, काय रे, जित्या पोरीला बन लावतोस?"

"मग?"

"हसला. म्हणाला, तुमची भाषा फार अवघड आहे." लाझरसने टोपी थांबवली. "तोपर्यंत ती हरवल्याचंही कळलं नव्हतं. सापडल्यावर मी विसरलो. विसरलो की विसरायचं ठरवलं, ते मला विचारू नकोस, जेमायमा."

ग्रँट त्याच जुलैमध्ये गाव सोडून गेला होता. निघताना एस्तरला मिठी मारून रडला होता.

जुन्या प्रकरणांसाठी पोलिसांनी नेमलेल्या सार्जंट पेरॉ नावाच्या बाई होत्या. जेमायमाने टेप पाठवली. तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. बोलायला सरळ होत्या. शहरातल्या एका संस्थेकडून त्यांनी भाषांतर करून घेतलं होतं. त्यांनी ते वाचून दाखवलं. 'एस्तर, जेमायमा, व्हर्ना आणि त्यांच्या वडिलांसाठी.'

"एक शब्द गळलाय," जेमायमा म्हणाली.

"कुठला?"

"व्हर्ना मेलीये, हा."

तिने समजावलं. बाईंनी लिहून घेतल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "याचा दुसरा काही अर्थ होतो का?"

इथे जेमायमाला नाही म्हणता आलं असतं. तिचा धंदा आडवा आला. "वस्तूंनाही लागतं," ती म्हणाली. "जळून गेलेल्या घराला. बुडालेल्या होडीला. होती आणि आता नाही, असं. माणसाला लावलं तर मात्र एकच."

"पण तो शिकलेला माणूस. त्याची चूक होऊ शकते."

"तो चुकत नसे."

"तुम्ही म्हणता. मला कोर्टात दाखवता आलं पाहिजे. तो माणूस हयात आहे, पश्चिमेकडे असतो, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. एका शेपटावरून मी त्याचं दार ठोठावलं तर वकील मला हसत परत पाठवेल." मग त्या म्हणाल्या, "तो कधीच चुकला नाही, हे दाखवता येईल का?"

तेव्हापासून नीपिनच्या स्वयंपाकघरात माणसं जमू लागली. अकरा खोक्यांत ग्रँटचे अठ्ठावन्न फोन निघाले. जेमायमा कानाला हेडफोन लावून एकेक नाव उतरवायची: तारीख, नाव, बन लावलं की नाही. मग मोठ्याने वाचायची, आणि टेबलाभोवती बसलेल्यांनी सांगायचं की त्या दिवशी ते माणूस जिवंत होतं की मेलेलं. चर्चच्या दफनांची वही लाझरसने मागून आणली होती. चहाची किटली चुलीवरून उतरत नव्हती. एस्तरने बॅनकच्या जाड रोट्या भाजून ढीग लावला होता.

"सिमियोन, ८४ चा फेब्रुवारी. बन लावलंय."

"बरोबर. जानेवारीत गेला. जमीन फोडायला दोन दिवस लागले होते."

"योनाची बायको. बन नाही."

"बरोबर. ती तर मरायलाच तयार नव्हती."

"म्हातारा एलायजा. बन."

"थांब, थांब. एलायजाबन उन्हाळ्यात गेला. हे कधीचं?"

वही उघडली. एलायजा आदल्या उन्हाळ्यात गेला होता. ग्रँट बरोबर होता. ग्रँट प्रत्येक वेळी बरोबर होता, आणि जसजशी यादी लांबत गेली तसतसे लोक बोलायचे कमी होत गेले. आपल्या गावाचं कोण कधी मेलं, हे आपल्यापेक्षा त्या माणसाला नेमकं ठाऊक होतं. फीबी तर दुसऱ्या दिवसापासून सांगतच नव्हती. नुसती मान हलवायची.

फीबी पलीकडच्या घरातली, साठीची, तोंडाने फटकळ. रोज यायची. तिची धाकटी बहीण हॅटी १९८६ च्या शरद ऋतूत घर सोडून विनिपेगला गेली होती, कुणा मित्राकडे, भांडून. पुन्हा कधी पत्र नाही. "भलती मानी," फीबी सांगायची. "पण फोनचा नंबर मी बदललेला नाही. तिला तो पाठ आहे." हॅटी हरवलीये असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. रुसलेलं माणूस हरवलेलं नसतं.

चौथ्या दिवशी दुपारी जेमायमाने १६ नोव्हेंबर १९८६ ची कॅसेट लावली. उणे नऊ, स्वच्छ. समोर फीबी कपात डब्याचं दूध ओतत होती.

"फीबीच्या घरासाठी," कानात ग्रँट म्हणाला. "फीबी, हॅटीबन, आणि त्यांची आजी."

जेमायमाने हेडफोन काढला नाही. फिडल वाजत होती ती तिने शेवटपर्यंत ऐकली.

पेरॉबाईंना अशी दुसरी चूक दाखवली, तर पहिलीलाही चूक म्हणता येणार नव्हतं. पोलिसांची व्हर्नावरची दोन पानं पुन्हा उघडणार होती. त्यासाठी या टेबलावर, दूध ओतणाऱ्या बाईसमोर, तिच्या बहिणीला मारावं लागणार होतं. आणि हे नाव गाळलं, तर ही सगळी यादीच खोटी.

"वाच पुढचं," फीबी म्हणाली. मग तिने वर पाहिलं. "काय झालं? माझं नाव घेतलं का त्याने? घेतलं असणार. लागूनच होता माझ्यामागे, संत्री द्यायचा."

जेमायमाने हेडफोनची वायर काढली आणि टेप मागे नेऊन मोठ्याने लावली.

फीबीने ऐकलं. कप खाली ठेवला. "ती विनिपेगला आहे," ती म्हणाली, नावाला काहीही न जोडता. "हॅटी विनिपेगला आहे. माझ्यावर रागावलीये." ती उठली, कोट घातला, बटणं चुकीच्या काजांत लावली आणि निघून गेली. पडवीत बूट घालताना तिने ते दोनदा आपटले. ठप, ठप. एस्तरने दाराकडे पाहिलं आणि या वेळी काही म्हणाली नाही.

जेमायमाने यादीत ती ओळ कोरी ठेवली. तारीख लिहिली, नाव नाही.

तीन दिवस फीबी दिसली नाही. चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्यात म्हाताऱ्यांच्या रांगेत उभी होती. तिची पाळी आली तेव्हा जेमायमाच्या टेबलाशी वाकून म्हणाली, "तिची जन्मतारीख नऊ जून. डाव्या गुडघ्यावर कुऱ्हाडीचा वण आहे. पोलीस विचारतील. लिही."

"फीबी, तू म्हणत असशील तर—"

"लिही म्हटलं ना. रांग खोळंबलीये."

दुपारी दोघींनी दवाखान्याच्या मागच्या खोलीतून फोन लावला. स्पीकर चालू ठेवला. जेमायमाने अठ्ठावन्न फोनांतल्या दोनशे एकतीस नावांचं सांगितलं, आणि दोन चुकांचं.

"म्हणजे हॅटी मेली आहे असं तुमचं म्हणणं आहे?" पेरॉबाईंनी विचारलं.

"आमचं नाही," जेमायमा म्हणाली. "त्याचं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार लावल्याचा. परत आल्या तेव्हा बाईंचा आवाज बदललेला होता. "बहीण तिथेच आहेत ना? त्यांना विचारा, हॅटीला शेवटचं कधी पाहिलं."

जेमायमाने विचारलं. फीबी फोनच्या यंत्राकडे बघत बोलू लागली, आणि जेमायमा वाक्यामागून वाक्य पलीकडे देत गेली.

"धक्क्यावर. विमानात बसताना. माझे बूट घालून निघाली होती, न विचारता. त्यावरूनच भांडण झालं. मी म्हटलं, परत येऊच नकोस."

"विमान कुणाचं होतं?"

"मासळीचं. ग्रँट फुकट नेत होता तिला. तोच मध्ये पडला. म्हणाला, बुटांवरून भांडू नका, फीबी, मी तुला नवे आणून देतो."

"दिले का त्यांनी?"

"दिले," फीबी म्हणाली. "पुढच्या रविवारी. अगदी मापाचे. मी कधी माप सांगितलं नव्हतं त्याला. माझं माप तिच्याच पायात होतं." ती थांबली. जेमायमाही थांबली. "चार हिवाळे घातले मी ते."

जेमायमाने तेही सांगितलं.